अनुभवी डिझायनरचं डोकं कॅड प्रणालीत उतरवायचं, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आमच्या फाउंड्रीत मेथडिंग करणारे दोन ज्येष्ठ इंजिनिअर पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. त्यांची विचार करण्याची पद्धत पकडून नव्या मुलांना मदत करेल अशी बुद्धिमान कॅड प्रणाली तयार करायचं काम माझ्याकडे आलं आहे. त्यांचे नियम लिहून घेऊन एक्स्पर्ट सिस्टिम करावी, की सर्व्हरवर पडलेल्या जुन्या थ्रीडी मॉडेल्सवर मशीन लर्निंग चालवावं?’

आधी दोन्हींपैकी काहीच करू नका. दोन्ही रस्ते पुढे उपयोगी पडतील, पण दोन्हींत एकच खोट आहे. नियम विचारलेत की ते दोघं तुम्हाला विचार संपल्यावर हाती उरलेलं सांगतील. जुन्या मॉडेल्समध्येही शेवटी टिकलेलंच तेवढं दिसेल. काय करून पाहिलं, काय बघून सोडून दिलं आणि कुठे मूळ मागणीलाच हात घातला, हे दोन्हीकडे नसतं, आणि नव्या मुलाला नेमकं तेच जमत नाही.

फाउंड्रीबाहेरच्या वाचकांसाठी एक वाक्य: भाग साच्यात कोणत्या बाजूने ठेवायचा, पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेषा) कुठे घ्यायची, रायझर (गोठताना आकसणाऱ्या भागाला धातू पुरवणारा साठा) कुठे आणि केवढा, धातू कुठून आत सोडायचा, चिल (उष्णता पटकन ओढून घेणारा तुकडा) कुठे लावायचा, हे ठरवणं म्हणजे मेथडिंग.

नियमांनी काम होत नाही असं मुळीच नाही. १९८० च्या सुमारास डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हॅक्स संगणकांच्या ऑर्डरी जुळवायला एक्सकॉन ही प्रणाली वापरायला घेतली. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन मॅकडरमॉट यांनी ती आर-१ या नावाने उभी केली होती. मागवलेले भाग एकमेकांशी जुळतात का, कुठली केबल राहून गेली, कुठल्या कॅबिनेटमध्ये काय बसेल, हे ती ठरवायची. नियम वाढत वाढत हजारांच्या घरात गेले आणि ते सांभाळणं हाच एक वेगळा उद्योग झाला, तरी प्रणाली वर्षानुवर्षं चालली. कारण तिथे भागांची यादी ठरलेली होती आणि ग्राहकाला काय हवं तेही ठरलेलं होतं. मेथडिंगमध्ये यातलं काहीच पक्कं नसतं. ड्रॉइंग पक्कं आहे असं वाटतं, पण तेही नसतं. त्याकडे पुढे येतो.

त्याच पिढीतली व्हीटी ही प्रणाली तुमच्या जास्त कामाची आहे. ती वेस्टिंगहाउसच्या लिफ्टची रचना ठरवायची. तिच्यासाठी ज्ञान गोळा करायला साल्ट नावाचं साधन होतं आणि ते तज्ज्ञाकडून तीन प्रकारची माहिती मागायचं. एखादं मूल्य कसं काढता? त्याच्यावर बंधन कोणतं? आणि बंधन मोडलं तर काय बदलता, त्यातही आधी काय आणि नाइलाज झाल्यावर काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पाठ्यपुस्तकात, कंपनीच्या स्टँडर्डमध्ये किंवा एक्सेलशीटमध्ये सापडतात. तिसऱ्याचं उत्तर फक्त माणसाकडे असतं. रायझर बसत नसेल तर आधी पॅडिंग द्यायचं (म्हणजे भिंत मुद्दाम जाड करायची), की चिल लावायचा, की भाग उलटा करायचा, की ग्राहकाला फोन करायचा? या क्रमात खर्च आहे, पॅटर्न शॉपचा, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणाऱ्यांचा, स्वभाव आहे, कोणता ग्राहक ऐकतो आणि कोणता नाही हेही आहे. तुमच्या दोघांकडून पहिल्यांदा हा क्रम काढा.

आता तो काढायचा कसा? केबिनमध्ये बसवून ‘सर, तुमचे नियम सांगा’ म्हटलं की सर व्यवस्थित, पुस्तकी आणि निम्मंच खरं सांगतात. लपवायचं म्हणून नव्हे, त्यांना स्वतःलाच ते तसं आठवतं. म्हणून डिझायनरच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्यांनी मुलाखतीऐवजी काम चालू असताना मोठ्याने बोलायला लावायची पद्धत धरली. चार्ल्स ईस्टमन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक बाथरूम सुधारून द्यायला सांगून डिझायनरांचं बोलणं टिपलं. माणसं आधी गरजांची यादी करून मग उत्तराकडे वळत नव्हती. काहीतरी मांडून बघत होती आणि मांडलेलं खटकलं की तिथे एक नवी गरज सापडत होती. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रायन लॉसन यांनी वास्तुकलेचे आणि विज्ञानाचे विद्यार्थी यांना रंगीत ठोकळे जुळवायचं एकच कोडं दिलं. त्यात एक नियम मुद्दाम लपवलेला होता. विज्ञानवाले तो नियम शोधायच्या मागे लागले. वास्तुकलेचे विद्यार्थी मात्र चांगली दिसणारी मांडणी करायचे, ती चालली नाही तर दुसरी. त्याच वर्षी जेन डार्क यांनी घरबांधणी करणाऱ्या वास्तुविशारदांशी बोलून दाखवलं की त्यांना अगदी सुरुवातीलाच एखादी ठाम कल्पना धरावी लागते, पुराव्याने सिद्ध झालेली नसली तरी. त्या कल्पनेच्या आधारानेच प्रश्न उलगडायला लागतो.

हे फक्त वास्तुकलेपुरतं आहे असं समजू नका. मी बसून बघितलेलं एक काम सांगतो. स्टीलचा व्हॉल्व्ह बॉडी होता: दोन टोकांना फ्लँज (बोल्टने जोडायच्या कडा), वर बॉनेटचा, म्हणजे झाकणाचा, फ्लँज, आणि तळाला ड्रेनसाठी एक जाडजूड बॉस, म्हणजे उंचवटा. ज्येष्ठ इंजिनिअरने ड्रॉइंग जेमतेम मिनिटभर बघितलं आणि म्हणाले, ‘बॉनेट वर घेऊ.’ कारण विचारलं नव्हतं, त्यांनीही दिलं नाही. प्रिंटवरच पेन्सिलने वर एक रायझर काढला, टोकाच्या फ्लँजना बाजूचे रायझर काढले. मग भिंतींच्या छेदात वर्तुळं काढत गेले. ही जुनी युक्ती आहे. छेदात मावणारं वर्तुळ रायझरकडे जाताना मोठं होत गेलं, की पातळ भाग आधी गोठतो आणि जाड भागाकडून धातू ओढून घेतो. तळाच्या बॉसपाशी हात थांबला. ‘हं. इथे गोळा राहतोय.’ बॉस जाड आणि त्याच्या वरची भिंत पातळ, त्यामुळे भिंत आधी गोठणार, बॉस वरच्या रायझरपासून तुटणार आणि आत श्रिंकेज, म्हणजे आकसल्याने झालेली पोकळी, येणार. ‘चिल लावू खाली.’ चिल काढला, इनगेट, म्हणजे धातू आत यायची वाट, त्या बाजूने नको म्हणून पलीकडे सरकवला. मग थोडा वेळ शांत. ‘थांबा, ह्याला ड्रिल मारणार ना? पोकळी बॉसच्या मुळाशी सरकली तर ड्रिल तिला उघडी पाडेल. हायड्रोटेस्टला पाझरेल.’ (हायड्रोटेस्ट म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी.) आणि मग ज्या वाक्यासाठी मी तिथे बसलो होतो ते वाक्य: ‘ह्यांना तळाला ड्रेन लागतोच का, विचारा जरा.’

फोन केला. त्या ऑर्डरमध्ये ड्रेन वापरणारच नव्हते; बॉस जुन्या ड्रॉइंगवरून तसाच उतरला होता. सुधारित ड्रॉइंग आलं, बॉस गेला, चिल गेला, आणि पलीकडे ढकललेला इनगेट पुन्हा सोयीच्या बाजूला आला.

त्यांनी आकडेमोड केली नाही असं नाही, पण ती नंतर आली. घट्ट होण्याचा काळ आकारमान भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा ख्वोरिनोव्ह यांचा नियम त्यांना तोंडपाठ आहे. रायझरचं मॉड्युलस, म्हणजे हाच आकारमान भागिले पृष्ठफळाचा आकडा, भागाच्या साधारण १.२ पट धरायचं हेही. मात्र हे नियम त्यांनी आपलं मत पडताळायला वापरले. ते मत आलं कागदावर पेन फिरताना. आपल्याकडे सिम्युलेशनची साधनं भरपूर आहेत. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या कामातून आलेलं ऑटोकास्ट तुमच्या ओळखीचं असेलच. बॉसमधला हॉट स्पॉट, म्हणजे सगळ्यात शेवटी गोठणारी जागा, कोणतंही चांगलं सिम्युलेशन दाखवेल. बॉस मुळात हवा का, हे ते विचारणार नाही, कारण भागाची भूमिती त्याच्यासाठी बाहेरून आलेली आणि न बदलणारी गोष्ट असते. तुमची प्रणालीही तशीच बांधलीत तर निवृत्त होणाऱ्या माणसाच्या कौशल्यातला सगळ्यात महाग तुकडा पहिल्याच दिवशी बाहेर राहील.

हे टिपायला काहीतरी चौकट लागते, नाहीतर तासनतास रेकॉर्डिंग जमतं आणि हाती काही लागत नाही. मला सगळ्यात सोयीची वाटते ती जॉन गेरो यांची १९९० ची मांडणी: कार्य, वर्तन आणि रचना. वर्तन दोन प्रकारचं धरायचं, आपल्याला अपेक्षित असलेलं आणि प्रत्यक्ष रचनेतून निघालेलं. वरच्या उदाहरणात दाब सहन करून न पाझरणं हे कार्य. गोठणं पातळ भागाकडून रायझरकडे सरकणं हे अपेक्षित वर्तन. बॉस, भिंत, रायझर ही रचना. बॉसमध्ये गोळा राहणं हे रचनेतून निघालेलं वर्तन. दोन्ही वर्तनं जुळली नाहीत की डिझायनर पुन्हा मांडणी करतो, आणि गेरो यांनी तिचे तीन प्रकार पाडले आहेत. रचना बदलायची, म्हणजे चिल लावायचा. अपेक्षा बदलायची, म्हणजे मशिनिंग न होणाऱ्या जागी थोडी सच्छिद्रता चालेल असं ठरवायचं. किंवा थेट कार्यालाच हात घालायचा, म्हणजे ड्रेनच नको. नवीन मुलं पहिल्या प्रकारातच घुटमळतात. ज्येष्ठ माणूस तिन्हींत सहज ये-जा करतो. तुमच्या नोंदींमध्ये हा फरक दिसला पाहिजे.

या चौकटीला मनाचा नकाशा समजू नका. ती नोंदी लावायची पद्धत आहे, एवढंच. एकाच वाक्याला दोन माणसं दोन वेगळे शिक्के मारतात, म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंग दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं आणि जिथे पटत नाही तिथे बसून बोलावं. मतभेदाच्या जागा बहुतेक वेळा कामाच्या निघतात. बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये अमरेश चक्रवर्ती यांच्या गटाने सफायर नावाचं मॉडेल केलं आहे. त्यात घटना, परिणाम, अवस्थेतला बदल असे कार्यकारणाचे थर वेगळे केलेले आहेत. पोकळी ‘का’ झाली हे साठवायचं असेल तर तेही बघा. दोन्ही एकदम मात्र सुरू करू नका.

रेकॉर्डिंगबद्दल थोडं तपशिलात, कारण बहुतेक प्रकल्प इथेच फसतात. खोटा नमुना देऊ नका, चालू ऑर्डरवर बसा. मध्ये मध्ये ‘का?’ विचारू नका. एरिक्सन आणि सायमन यांनी ही पद्धत नीट मांडली तेव्हाच सांगितलं होतं की कारण द्यायला लावलं की विचारांची वाट बदलते. मनात चाललंय ते फक्त बोलत राहायला सांगा. माणूस गप्प झाला तर ‘बोलत राहा’ एवढंच म्हणा. आवाजाबरोबर हात, पेन्सिल आणि स्क्रीन तिन्ही टिपा, कारण ‘इथे’, ‘हे असं’, ‘हा गोळा’ यांचा अर्थ ट्रान्स्क्रिप्टमध्ये उरत नाही. दुसऱ्या दिवशी तेच रेकॉर्डिंग त्यांना दाखवून तेव्हा ‘का’ विचारा. आणि भाषा त्यांची राहू द्या. कोल्हापूरकडचा मेथड्स इंजिनिअर बोलतो ते अर्धं मराठी, अर्धं शॉप फ्लोअरचं इंग्रजी. कॉन्फरन्स रूममध्ये कॅमेऱ्यासमोर शुद्ध इंग्रजीत बोलायला लावलंत की तो लगेच पुस्तक वाचून दाखवायला लागतो. ट्रान्स्क्रिप्टसाठी भाषा मॉडेल जरूर वापरा, पण त्याच्याकडून ‘सारांश’ घेऊ नका. न उच्चारलेली कारणं ते सफाईने भरून टाकतं, आणि नंतर ती कोणाची हे शोधता येत नाही.

आता जुन्या मॉडेल्सकडे. इव्हान सदरलँड यांच्या १९६३ च्या स्केचपॅडमध्येच बंधनं होती: ह्या दोन रेषा समांतर ठेव, ही लांबी तेवढीच ठेव. १९८० च्या दशकाच्या शेवटी प्रो-इंजिनिअर हे कॅड सॉफ्टवेअर आलं आणि फीचर ट्री, म्हणजे मॉडेल कोणत्या पायऱ्यांनी बांधलं त्याची यादी, सगळ्यांच्या अंगवळणी पडला. त्यामुळे मोठा गैरसमज पसरला की फीचर ट्री म्हणजे डिझायनरच्या विचारांचा क्रम. तो भूमिती बांधायचा क्रम असतो. रिलीजच्या आधी तोही साफ केला जातो, सप्रेस केलेली (बंद करून ठेवलेली) फीचर्स उडवली जातात, बॉसचा सगळा इतिहास पुसला जातो. त्यामुळे जुन्या फाइलवर शिकवलेलं मॉडेल सांगेल की अशा बॉडीत रायझर साधारण इथे असतो. हे उपयोगी आहे. पण एखादा रायझर भट्टीची क्षमता कमी होती म्हणून छोटा ठेवला होता की मोल्ड बॉक्सच्या मापात बसत नव्हता म्हणून, हे त्याला कळणार नाही, आणि भट्टी बदलल्यावरही ते तीच तडजोड सुचवत राहील.

म्हणून मी प्रत्येक बंधनाला दोन गोष्टी जोडायला सांगतो: मालक आणि सैलपणा. मालक म्हणजे हे बंधन कोणाचं: ग्राहकाचं, भट्टीचं, पॅटर्न शॉपचं, फेटलिंगवाल्यांचं (ओतलेला भाग साफ करणाऱ्यांचं), की निव्वळ भौतिकशास्त्राचं. सैलपणा म्हणजे ते कोणाच्या शब्दाने, किती खर्चात हलू शकतं. भौतिकशास्त्र हलत नाही. मोल्ड बॉक्स पैसे टाकून हलतो. ग्राहकाचं ड्रॉइंग बऱ्याचदा एका फोनवर हलतं, फक्त नवीन मुलाला तो फोन करायची हिंमत नसते. प्रणालीने ‘हे बंधन ग्राहकाचं आहे, मागे अशा भागांत विचारल्यावर बदललं आहे’ एवढं जरी दाखवलं, तरी मुलगा फोन उचलतो.

मागची उदाहरणं दाखवायची तर कधी, हाही प्रश्न आहे. जॅन्सन आणि स्मिथ यांच्या १९९१ च्या प्रयोगात न सांडणारा कॉफीचा कप करायला सांगितला होता. स्ट्रॉ नको असं सूचनेतच होतं, पण दाखवलेल्या नमुन्यात स्ट्रॉ होता. तो नमुना पाहिलेल्या लोकांच्या कपांमध्येही स्ट्रॉ आले. म्हणून पडदा उघडताक्षणी ‘यासारखे पाच जुने भाग’ दाखवणारी प्रणाली मला आवडत नाही. आधी मुलाला रायझर मांडू द्या, मग जुनं दाखवा, आणि त्यात ओतकाम फसलेली उदाहरणं आवर्जून असू द्या.

डिझायनरने कारण टाइप करावं असा कुठलाही फॉर्म करू नका. रिटेल आणि कुंझ यांनी १९७० मध्ये प्रश्न, पर्याय आणि युक्तिवाद नोंदवायची इबिस पद्धत मांडली, पुढे तिची संगणकीय रूपं आली. कल्पना चांगली होती, पण लिहायचे कष्ट एकाला आणि फायदा दुसऱ्याला, त्यामुळे भरल्या कामात कोणी लिहीत नाही. त्यापेक्षा डिझायनर प्रणालीचं ऐकत नाही तो क्षण पकडा. पुण्या-मुंबईत वाढलेल्या जिओमेट्रिक कंपनीने बनवलेल्या डीएफएमप्रोसारखी नियम तपासणारी साधनं चूक दाखवतात आणि अनुभवी माणूस कधी कधी ती बाजूला सारतो. त्या क्लिकवर एक माइकचं बटण ठेवा, दहा सेकंदांपुरतं. ‘इथे चालतं, फेटलिंगला निघतं’ असं एक वाक्य आलं तरी नियमाचा अपवाद, त्याचा मालक आणि त्याची जागा तिन्ही मिळतात. तेवढं माणूस बोलून टाकतो, कारण ती सूचना त्याला तेव्हा डोळ्यासमोर नको असते.

मोजमाप काय ठेवायचं? ‘प्रणालीचं उत्तर ज्येष्ठ इंजिनिअरशी किती टक्के जुळलं’ हे ठेवू नका, एकाच भागाच्या दोन चांगल्या मेथड असू शकतात. पहिल्या ओतकामाचा निकालही एकट्याने पुरेसा नाही. वाळू, तापमान, ओतणाऱ्याचा हात, सगळं त्यात मिसळतं. नवीन मुलाने पॅटर्न बनायच्या आधी ग्राहकाला आणि शॉपला विचारलेले प्रश्न मोजा, आणि त्यांतले किती प्रश्न नंतर खरे ठरले ते बघा. हा आकडा लवकर हलतो.

आणि तुमच्याकडे वर्षच आहे, तर कामाचा क्रम असा ठेवा. सारख्या भागांचं एकच कुटुंब निवडा, समजा व्हॉल्व्ह बॉडी. रिजेक्शनच्या जुन्या फाइली काढा आणि दोघांना एकत्र बसवून एकेक फाइल चाळा. फसलेल्या कामाबद्दल माणसं न विचारता बोलतात, आणि दोघांत वाद झाला तर मध्ये पडू नका, रेकॉर्डिंग चालू ठेवा. पहिले काही महिने कॅडच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामिंगला, हातही लावू नका. बंधनांची यादी, मालक, सैलपणा आणि काय आधी बदलायचं तो क्रम साध्या तक्त्यात भरा आणि छापून नव्या मुलाच्या टेबलावर ठेवा. तो कागद वापरात आला, कोपऱ्यांवर पेन्सिलने खाडाखोड व्हायला लागली, की मग प्रोग्रामर बोलवा.